स्कूबाचा रेग्युलेटर कसा निवडायचा, आणि पाण्याखाली हवा संपलीच तर?

दिवाळीच्या सुट्टीत ट्रॅव्हलर ठरवायची आणि जळगाव-धुळ्याहून थेट मालवण-तारकर्ली गाठायची, ही आता खानदेशातल्या बऱ्याच घरांची सवय झाली आहे. त्यात नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्याच्या पर्यटन महामंडळाचा प्रकल्प बातम्यांत आला. आता तरुण मंडळी नुसत्या बोटीतल्या फेरीवर समाधान मानत नाहीत. कुणी एकदा बुडी मारून बघतो, कुणी रीतसर कोर्स करतो आणि परत आल्यावर स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र, विकत घ्यायचं खूळ डोक्यात घेतो. घरची मोठी माणसं मात्र एकच विचारतात : “पाणीमा हवा सरी गई तं काय करशी?”

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर लोकांना वाटतं त्याच्या बरंचसं उलट आहे. पाण्याखाली यंत्र खटकन बंद पडलं आणि श्वास तुटला, असं फार क्वचित घडतं. रेग्युलेटर बिघडला तर तो बहुतेक वेळा हवा अडवत नाही, भसाभसा सोडत सुटतो. माणूस अडचणीत येतो तो टाकीतली हवा संपल्यामुळे, आणि त्याहून जास्त, संपल्यावर केलेल्या घाईमुळे. म्हणून कोणता रेग्युलेटर घ्यायचा हे हवेच्या हिशेबाशिवाय सांगता येत नाही. आधी तो हिशेब समजून घेऊ.

टाकीत नेमकं काय असतं?

ऑक्सिजन नसतो. बातम्यांत ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून पाणबुडे उतरले’ असं छापून येतं, पण पाठीवरच्या टाकीत आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते. त्यातला साधारण २१ टक्के भाग ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली श्वासातून घेतला तर तो मेंदूवर विषासारखा परिणाम करतो. झटके येतात, आणि पाण्यात झटका येणं म्हणजे बुडणं. त्यामुळे दवाखान्यातलं किंवा वेल्डिंगचं सिलिंडर जोडायचा जुगाड कुणी सुचवला तर त्याला तिथेच थांबवा.

ही हवा भरायला वेगळा कॉम्प्रेसर लागतो. त्याला तेल, ओल आणि धूर अडवणारे फिल्टर असतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर टायरसाठी ठीक, फुप्फुसांसाठी नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी इंजिनाचा धूर ओढला गेला तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो. त्याला ना वास ना चव. हवेला तेलकट किंवा जळका वास येत असेल तर ती टाकी बाजूला ठेवा. पण वास येत नाही म्हणजे हवा चांगलीच असेल, असंही नाही. टाकी कुठे भरली आणि फिल्टर कधी बदलला, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

आपल्याकडे सगळीकडे दिसणारी ॲल्युमिनियमची टाकी आतून सुमारे ११ लिटरची असते आणि तिच्यात २०० बार दाबाने हवा भरतात. एक बार म्हणजे आपले शेतकरी ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात जवळपास तेवढाच दाब. ११ लिटरच्या भांड्यात दोनशे पट कोंबलेली, म्हणजे मोकळी सोडली तर साधारण २,२०० लिटर हवा झाली.

दोनशे किलोचं प्रेशर तोंडापर्यंत कसं पोचतं?

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उभं राहिलं की अर्धा रेग्युलेटर समजतो. पंप जोरात पाणी फेकतो, पण ते तसंच झाडाच्या बुडाशी सोडलं तर नळ्या फुटतील. म्हणून मेनलाइन, मग व्हॉल्व्ह लावून दाब उतरवलेली सबमेन, मग लॅटरल आणि शेवटी थेंब-थेंब सोडणारा ड्रिपर. रेग्युलेटरही दाब असाच टप्प्याटप्प्याने उतरवतो. टाकीच्या तोंडावर बसणारा धातूचा गोळा म्हणजे फर्स्ट स्टेज. तो २०० बारचा दाब सुमारे ९-१० बारवर आणतो. तिथून रबरी होज निघतात. तोंडात धरायचा भाग म्हणजे सेकंड स्टेज. तो उरलेला दाब आजूबाजूच्या पाण्याइतका करून हवा तोंडात देतो.

ड्रिपरपेक्षा एक गोष्ट मात्र वेगळी आहे. सेकंड स्टेज सतत गळत नाही. त्यात एक पातळ रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, एक छोटी दांडी दबते आणि व्हॉल्व्ह उघडतो. श्वास थांबला की बंद. मागितली तेव्हाच हवा, हीच या यंत्राची सगळी हुशारी. पॅरिसच्या ‘एअर लिक्विड’ कंपनीतले इंजिनिअर एमिल गान्यान यांनी युद्धकाळातल्या पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एक व्हॉल्व्ह बनवला होता. नौदल अधिकारी जाक कुस्तो यांच्यासोबत त्यांनी १९४३ मध्ये तीच कल्पना पाण्याखाली उतरवली. आजचे सगळे रेग्युलेटर त्याच घराण्यातले.

फर्स्ट स्टेजमधून निघणाऱ्या होज सहसा चार. एक तोंडातल्या सेकंड स्टेजला, दुसरी तशाच जास्तीच्या सेकंड स्टेजला (याला ऑक्टोपस म्हणतात, तो जोडीदारासाठी), तिसरी हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायच्या जॅकेटला आणि चौथी टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या गेजला. या चौथ्या होजला कुणी फारसा भाव देत नाही, पण माझ्या मते बाकी सगळ्यांपेक्षा तीच महत्त्वाची.

खाली गेलं की हवा लवकर का संपते?

पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, एक बार दाब वाढतो. वर हवेचा एक बार असतोच. म्हणजे १० मीटरवर दोन बार, २० मीटरवर तीन, ३० मीटरवर चार. रेग्युलेटर हवा पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देतो, त्यामुळे २० मीटरवर घेतलेल्या एका श्वासात वरच्या तीन श्वासांची हवा खर्च होते.

नवशिका माणूस शांत असेल तर वर मिनिटाला २० लिटर हवा वापरतो असं धरू. २,२०० लिटरची टाकी १० मीटरवर ५५ मिनिटं पुरेल, २० मीटरवर ३६-३७ मिनिटं, ३० मीटरवर जेमतेम २७. हे टाकी रिकामी होईपर्यंतचे आकडे. तेवढा वेळ खाली राहायचं नसतंच. तोच माणूस घाबरून धापा टाकायला लागला आणि खप दुप्पट झाला, की २० मीटरवरची ३६ मिनिटं १८ होतात. घड्याळ तेच, टाकी तीच, बदलला तो फक्त श्वास.

रेग्युलेटर बिघडतो म्हणजे काय होतं?

सेकंड स्टेजमधला व्हॉल्व्ह हवेच्या प्रवाहाच्या दिशेनेच उघडतो. मागून दाब गरजेपेक्षा वाढला तर तो व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, घट्ट बंद करत नाही. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. फर्स्ट स्टेजमधलं प्लास्टिकचं सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तो भाग, झिजलं की मधला दाब दहा बारवर न थांबता हळूहळू चढत जातो आणि सेकंड स्टेज फुसफुसायला लागतो. काठावर टाकी जोडून नुसती ठेवली असताना रेग्युलेटर दर थोड्या वेळाने ‘फुस्’ करत असेल तर आतलं सीट गेलंय असं समजा आणि तो सेट घेऊन उतरू नका.

पाण्याखाली हवा धो धो सुटायला लागली तर त्याला फ्री-फ्लो म्हणतात. आवाज आणि बुडबुड्यांनी माणूस गांगरतो, पण हवा मिळत असते. ओठ घट्ट न मिटता, तोंडाच्या कडेने जास्तीची हवा जाऊ देत, हवी तेवढी घ्यायची आणि जोडीदारासोबत वर निघायचं. भरलेली टाकीसुद्धा अशी काही मिनिटांत रिकामी होते, त्यामुळे खाली थांबून दुरुस्ती करण्यात अर्थ नाही.

बाकीचे बिघाड किरकोळ वाटतात. तोंडातल्या रबराला धरणारी प्लास्टिकची पट्टी तुटली की रबर दातांत राहतं आणि सेकंड स्टेज गळून पडतो. श्वास घेणाऱ्याच्या तोंडात थेट पाणी. बाहेर सोडलेली हवा जिथून जाते ती रबरी चकती दुमडली किंवा तिथे वाळूचा कण अडकला की प्रत्येक श्वासासोबत पाण्याचा शिंतोडा येतो. टाकी आणि फर्स्ट स्टेजच्या मधली ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडी, फाटली तर डोक्यामागे हवेचा फवारा उडतो. या तिन्हींचा खर्च चहा-नाश्त्याएवढा, आणि तिन्ही वरच डोळ्यांनी दिसतात.

हवा खरोखर अडते ती दोन-तीन प्रकारांनी. पहिला प्रकार तर निव्वळ हलगर्जीपणा : टाकीचा व्हॉल्व्ह पुरता न उघडणं. काठावर हवा नीट मिळते, खाली जास्त लागते तेव्हा कमी पडते. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. गेजकडे बघत तोंडातून तीन-चार खोल श्वास घ्या. काटा स्थिर राहिला तर ठीक. प्रत्येक श्वासाला काटा खाली जाऊन परत वर येत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे चोंदलेला फिल्टर. ठिबकला फिल्टर असतो तसाच फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी करंगळीच्या नखाएवढा, बारीक छिद्रांच्या धातूचा फिल्टर असतो. भिंग नसलं तरी त्याचा रंग दिसतो. हिरवट झालाय म्हणजे आत खारं पाणी शिरून पितळ खाल्लं जातंय. तांबूस-तपकिरी म्हणजे लोखंडी टाकीतला गंज. काळा म्हणजे भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधली कोळशाची पूड. दुकानदाराला न विचारता त्या सेटचा सगळा इतिहास त्या ठिपक्यात वाचता येतो.

तिसरा प्रकार नवा आहे. वरून विणलेल्या, हलक्या, लवचिक होज हल्ली लोकप्रिय आहेत. गरम हवेच्या प्रदेशात काही वर्षं वापरल्यावर त्यातल्या काहींचं आतलं अस्तर कडक होऊन, तडकून वाट अडवतं असं आढळलं आहे. बाहेरून होज नवीकोरी दिसते. भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत रेग्युलेटर ठेवणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. होज दिसायला चांगली आहे म्हणून ठेवू नका, तिचं वय बघून बदला.

मग महागातला घेतला की काळजी मिटली?

नाही. महागड्या रेग्युलेटरमध्ये जास्तीचे पैसे बरेचदा अशा गोष्टींसाठी जातात ज्यांची आपल्याला गरज नसते. युरोपातल्या तळ्यांत १० अंशांखालच्या पाण्यात फर्स्ट स्टेज आतून गोठतो आणि फ्री-फ्लो होतो. त्यावरचे उपाय किमतीत मोजलेले असतात. मालवणच्या कोमट पाण्यात गोठण्याची भीती नाही.

बघायचं ते पुढचं. बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड असे दोन प्रकार असतात. साधा ड्रिपर पंपाचा दाब उतरला की कमी पाणी देतो. आतून पडदा असलेला, दाब सांभाळणारा ड्रिपर सुरुवातीला आणि टोकाला सारखंच देतो. अगदी तसंच. अनबॅलन्स्ड रेग्युलेटर टाकी उतरत आली की श्वास ओढायला जड होतो, बॅलन्स्ड शेवटपर्यंत हलका राहतो. खोल जाणार असाल किंवा एका रेग्युलेटरवर दोघांनी श्वास घ्यायची वेळ येईल असं धरत असाल (आणि धरायलाच हवं), तर बॅलन्स्ड घ्या. उथळ पाण्यात शिकवणारी केंद्रं मात्र साधे अनबॅलन्स्ड पिस्टनवाले, म्हणजे फर्स्ट स्टेजमध्ये सरकता दट्ट्या असलेले, वापरतात. त्यात हलणारे भाग कमी, दुरुस्ती सोपी. ते दिसले म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

पिस्टन की डायफ्रॅम (दट्ट्याऐवजी रबरी पडदा), यावर शौकीन लोक रात्रभर वाद घालतात. आपल्यासाठी उत्तर पाण्यावर ठरतं. पिस्टनमध्ये बाहेरचं पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत जातं. स्वच्छ समुद्रात त्याने काही बिघडत नाही, पण गिरणा किंवा हतनूरच्या गाळात तो गाळ आत बसतो. धरणात उतरायचं असेल तर बाहेरून बंद केलेला डायफ्रॅमवाला बरा. थंडीसाठी बनवलेलं ते झाकण इथे गाळासाठी कामाला येतं.

टाकीला जोडायच्या दोन पद्धती. शिकंज्यासारखा कसायचा तो योक, आणि आट्यांनी आत फिरवून बसणारा तो डिन. डिनमध्ये ओ-रिंग धातूच्या आत बंदिस्त असते, त्यामुळे धक्का लागून ती निसटायची शक्यता कमी. डिन घेऊन सोबत योकचा अडॅप्टर ठेवला तर कुठल्याही केंद्रावर अडत नाही.

युरोपच्या ‘ईएन २५०’ या मानकात ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढून, श्वास किती जड लागतो ते यंत्रावर तपासतात. आकड्यापुढे ‘ए’ असेल तर तो रेग्युलेटर ऑक्टोपस जोडून, दोघांच्या श्वासाचा भार देऊन तपासलेला आहे. जाहिरातीतल्या विशेषणांपेक्षा ते एक अक्षर बघा. आणि ऑक्टोपस स्वस्तातला घ्यायचा मोह टाळा. तो वापरायची वेळ येईल तेव्हा वापरणारा घाबरलेला आणि धापा टाकत असणार. त्याला तुमच्यापेक्षा जास्त हवा लागणार.

पण या सगळ्याच्या वर मी एक गोष्ट ठेवतो : सर्व्हिस. रेग्युलेटर साधारण दरवर्षी किंवा कंपनीने पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत उघडून, सीट आणि ओ-रिंगा बदलून घ्यावा लागतो. खानदेशातून तो मुंबई किंवा गोव्याकडे कुरिअरने जाणार. ज्या मॉडेलचे सुटे भाग तिथल्या कारागिराकडे नाहीत, तो कितीही भारी असला तरी सहा महिने खोक्यात पडून राहील, नाहीतर तुम्ही तो तसाच वापराल. विकत घेण्याआधी दुकानदाराला नाही, सर्व्हिस करणाऱ्याला फोन करा.

किती हवा राखून ठेवायची?

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था स्कूबातल्या अपघातांचा अभ्यास करते. तिच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या अपघातांची सुरुवात कशाने झाली हे कळू शकलं, त्यातल्या ४१ टक्क्यांत हवा अपुरी पडली होती. २० टक्क्यांत माणूस कशात तरी अडकला होता. उपकरणाची अडचण १५ टक्क्यांत. म्हणजे रेग्युलेटरवर जेवढी चर्चा होते तेवढी गेजवर व्हायला हवी.

राखीव हवेचा हिशेब अंदाजाने नाही, मांडून करायचा. समजा दोघं १८ मीटरवर आहेत आणि एकाची हवा संपली. आता दोघांना एकाच टाकीवर वर यायचंय, आणि दोघंही घाबरलेले, म्हणून प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर, दोघांचे ६० लिटर धरू. खाली गोंधळ निस्तरायला एक मिनिट : १८ मीटरवर दाब २.८ बार, म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९ बार : २२८ लिटर. शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा : २७० लिटर. बेरीज ६६६ लिटर. ११ लिटरच्या टाकीत हे झाले सुमारे ६० बार.

म्हणजे काटा ६० वर आला की परत निघायचं असं नाही. ६० बार उरलेले असताना तुम्ही वर यायला सुरुवात केलेली असली पाहिजे. बोटीपर्यंत पोहत परतायचं असेल तर ती हवा वेगळी. गेजवर ५० बारला लाल पट्टा असतो म्हणून ५० पर्यंत खाली थांबणाऱ्यांनी ही बेरीज एकदा कागदावर करून बघावी. गुलदारसारख्या जहाजाच्या आत, डोक्यावर छत असलेल्या जागी शिरायचं तर नियम आणखी कडक : एक तृतीयांश हवा जायला, एक परत यायला आणि एक हात न लावता ठेवायला. त्यासाठी वेगळं प्रशिक्षणही लागतं. आधीच्या उथळ बुडीच्या भरवशावर तिथे आत शिरू नये.

“आम्ही तापीत पोहून मोठे झालो”

हा आक्षेप खानदेशात हमखास येतो. पोहता येणं चांगलंच. पण नदीत सूर मारणाऱ्याची एक सवय स्कूबात जीवघेणी ठरते : दम कोंडून ठेवणं.

नदीत काठावरून छाती भरून सूर मारला तर ती हवा खाली दबते आणि वर येताना पूर्ववत होते, काही बिघडत नाही. रेग्युलेटरमधून १० मीटरवर छाती भरली तर ती दोन बार दाबाची हवा असते. दम कोंडून वर आलं की तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं तेवढी ताणत नाहीत. त्यातल्या हवेच्या बारीक पिशव्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जाऊ शकतात. हे व्हायला खोल पाणीही लागत नाही. छाती पूर्ण भरलेली असेल तर चार-पाच फूट वर येणंही पुरतं. आणि हवा संपली की पट्टीच्या पोहणाऱ्याचं शरीर आपोआप नेमकं हेच करतं : दम धरून वर झेप. वर सांगितलेल्या अभ्यासात घातक वळण कुठे लागलं हे ज्या प्रकरणांत कळलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी ते अशी घाईने वर येण्याची वेळ होती.

मग करायचं काय? पहिलं, जोडीदाराकडे जायचं. पंजा आडवा धरून गळ्यावरून फिरवला की ‘माझी हवा संपली’. तो ऑक्टोपस देतो, दोघं एकमेकांचं जॅकेट धरतात, दोन श्वास शांतपणे घेतात आणि मग वर. जोडीदार दिसतच नसेल आणि पाणी उथळ असेल तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून, सतत ‘आऽऽ’ म्हणत, हवा बाहेर सोडत वर यायचं. रेग्युलेटर काढायचा नाही याला कारण आहे : वर येताना बाहेरचा दाब कमी होतो, त्यामुळे खाली ‘संपलेली’ टाकी वर आणखी एखाद-दोन श्वास देते. पाण्यावर आल्यावर जॅकेट तोंडाने फुगवायचं आणि खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधलेलं वजन सोडून द्यायचं. हे वाचून येत नाही. तलावात शिक्षकासमोर करून करूनच अंगवळणी पडतं.

“गाइड असतोच ना सोबत”

असतो. मालवणच्या पर्यटकांच्या उथळ बुडीत तो तुमची टाकी धरून असतो आणि हवेकडे तोच बघतो. तिथे तुम्ही रेग्युलेटर निवडत नाही, केंद्र निवडता. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा केंद्रांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी विचारा. एका गाइडकडे एका वेळी किती माणसं, हे विचारा; एकच माणूस असायला हवा. पाण्यात उतरण्याआधी कमरेइतक्या पाण्यात उभं करून श्वास घ्यायला आणि रेग्युलेटरमधलं पाणी काढायला शिकवतात का ते बघा. थेट बोटीवरून ढकलणाऱ्यांना पैसे परत मागा. घशाशी आलं, कान दुखले, नको वाटलं, तर वर चलण्याची खूण करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जाण्याआधी घासाघीस करून दोनशे रुपये वाचवण्यापेक्षा ही चौकशी करण्यात पाच मिनिटं घालवा.

धरण आणि विहिरीची गोष्ट वेगळी

धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आहे, त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं आहेत. तरी कुणी बुडालं की ती टीम पोचेपर्यंत गावातल्या पोहणाऱ्यांना हाक जाते, आणि हल्ली काही मंडळं स्कूबाचा सेट घ्यायचा विचार करतात. त्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की गाळाच्या पाण्यात गेज दिसतच नाही. डोळ्यांवरच्या मास्कच्या काचेला टेकवून, टॉर्च मारूनही कधी दिसत नाही. म्हणून काठावरचा माणूस घड्याळ लावून, दोरीच्या झटक्याने बोलावतो, आणि पाठीवर स्वतःचा वेगळा रेग्युलेटर असलेली छोटी जास्तीची टाकी असावीच लागते. तिथे जोडीदाराचा ऑक्टोपस सापडणार नाही. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. त्यांच्या किंवा कुठल्याही उपशाच्या तोंडाजवळ पाणी चालू असताना कोणताही सेट माणसाला ओढीपासून वाचवत नाही.

विहीर तर आणखी फसवी. समुद्रात वर आलात की सुटलात. जुन्या, बंद, पालापाचोळा कुजलेल्या विहिरीत पाण्याच्या वर साचलेली हवाच श्वास घेण्याजोगी नसू शकते. आत उतरलेला एक आणि त्याला काढायला गेलेले दोन, अशी बातमी आपण वाचतो ती याच कारणाने. अशा विहिरीत पाण्यावर येऊन सवयीने रेग्युलेटर काढला तर माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. म्हणजे राखीव हवा पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत नाही, काठावर ओढून घेईपर्यंत पुरली पाहिजे. त्यात मोटारीची केबल, पाइप, दोर यांचं जाळं. हे काम उत्साही मंडळाचं नाही.

जुना सेट मिळतोय, घ्यावा का?

घ्या, पण किंमत ठरवताना पूर्ण सर्व्हिसचा आणि सगळ्या नव्या होजचा खर्च त्यात धरा. टाकीला जोडून दहा मिनिटं ठेवा आणि फुसफुस ऐका. टाकी बंद ठेवून तोंडातून हवा ओढून बघा; थोडीही हवा आत आली तर कुठेतरी रबर फाटलंय. टाकी बंद करून उरलेली हवा सोडल्यावर गेजचा काटा शून्यावर येतो का ते बघा. वीस बारवर अडकणारा काटा पाण्याखाली वीस बार खोटे दाखवतो. मूळ कंपनीने ते मॉडेल बंद करून वर्षं झाली असतील तर सुटे भाग मिळतात का ते आधी विचारा.

समुद्रातून आल्यावर फर्स्ट स्टेजच्या तोंडावरचं झाकण कोरडं करून घट्ट लावा आणि मगच गोड्या पाण्यात भिजवा. भिजत असताना सेकंड स्टेजचं बटण दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजपर्यंत जातं आणि मग तो फिल्टर हिरवा होतो. सावलीत वाळवा, होज घडी न घालता मोठ्या वेटोळ्यात ठेवा. सर्व्हिसला पाठवताना चिठ्ठीत लिहा : काढलेलं जुनं सीट, ओ-रिंगा आणि फिल्टर पिशवीत घालून परत पाठवा, आणि मधला दाब किती बारवर लावला ते बिलावर लिहून द्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.